गावचा कोण, परगावचा कोण: ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ बसवण्यापूर्वी

आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी नाव विचारत नाहीत. ‘तू कोणाचो रे?’ असं विचारतात. गणपतीला मुंबईहून आलेला एखादा पोरगा एस.टी.तून उतरतो. तिठ्यावर बसलेला म्हातारा त्याच्या कपाळाकडे, नाकाकडे बघतो आणि थेट त्याच्या आजोबाचं नाव घेतो. पोराने त्या म्हाताऱ्याला जन्मात पाहिलेलं नसतं. त्या वेळी पोराच्या चेहऱ्यावर थोडा आनंद येतो, थोडी भीतीही येते की हा मला कसा ओळखतो. तो चेहरा नीट बघून ठेवा. शेक्सपिअरचं ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ बसवायचं असेल तर सुरुवात तिथूनच करायची आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत राहते. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं वाडीच्या मंडळाची नाटकं बसवली. हे नाटक आम्ही दोनदा केलं. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा उभं राहिलं. मधल्या काळात मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, आणि पात्रं नि आशय कसे शोधायचे हे तेव्हा कुठे उमगायला लागलं. एखादं मंडळ किंवा कॉलेज हे नाटक करणार असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. सिराक्यूज आणि इफिसस या दोन शहरांत वैर आहे. सिराक्यूजचा माणूस इफिससमध्ये सापडला तर हजार मार्क (तिथलं चलन) दंड भरायचा, नाहीतर मान द्यायची. इजिऑन नावाचा म्हातारा व्यापारी असा सापडतो. त्याच्याजवळचा सगळा ऐवज शंभर मार्कांचाही भरत नाही. शहराचा अधिपती ड्यूक त्याला संध्याकाळपर्यंत मुदत देतो. त्याच दिवशी त्याचा मुलगा अँटिफोलस आपला नोकर ड्रोमिओ याला घेऊन त्याच शहरात उतरतो. आणि त्याच शहरात लहानपणी हरवलेला जुळा अँटिफोलस, आपल्या जुळ्या ड्रोमिओसह, बायको-घर-पत सगळं मांडून राहिलेला आहे. मालकांची नावं एक, नोकरांची नावं एक. तालमीत हाक कोणाला मारायची हाच पहिला घोळ होतो. आम्ही एकाला ‘गावचा’ आणि दुसऱ्याला ‘परगावचा’ म्हणायला लागलो. या लेखातही तेच शब्द वापरते.

पहिल्या वेळी मी एक मोठी चूक केली. वाडीत खरोखरीचे जुळे भाऊ होते, त्यांनाच दोन्ही अँटिफोलस केलं. मला वाटलं, आयतं सोनं हाती आलं. दुसऱ्या प्रवेशापासून प्रेक्षक हरवले. आपण कोणाला बघतोय हेच त्यांना कळेना, मग हसू कुठून येणार? रंगमंचावरची माणसं चुकली पाहिजेत, समोर सतरंजीवर बसलेला माणूस चुकता कामा नये. त्याला सगळं ठाऊक असतं आणि बोलता येत नसतं. म्हणून तो हसतो, नंतर म्हणूनच कळवळतो. दुसऱ्या वेळी मी उंचीने सारखी पण तोंडावळ्याने अजिबात न मिळणारी दोन मुलं घेतली. एकाच ताग्यातले सदरे शिवले. गावच्याचं उपरणं डाव्या खांद्यावर, परगावच्याचं उजव्या. प्रेक्षकांनी ती खूण पाच मिनिटांत पकडली आणि चेहरे वेगळे आहेत हे विसरून गेले. दशावतार बघणारी माणसं ती. एका बाकड्याला सिंहासन मानतात, तेच बाकडं पुढच्या प्रवेशात डोंगर म्हणून चालवून घेतात. त्यांच्या मानण्यावर विश्वास ठेवा.

उपरण्याच्या खुणेने माणूस ओळखू येतो, पण स्वभाव कळत नाही. स्वभाव शोधायला मी प्रत्येक नटाला एकच प्रश्न वहीत लिहायला लावते: तुला इथे कोण ओळखतं, आणि तुला कोणाकडून ओळख हवी आहे? या एका प्रश्नाने गावचा आणि परगावचा आपोआप फुटून वेगळे होतात. परगावच्याला इथे कोणी ओळखत नाही असं तो धरून चाललेला असतो, पण रस्त्यात भेटेल तो त्याला नावाने हाक मारतो, कोणी जेवायला बोलावतो, कोणी पैसे देऊ करतो. त्याने ऐकलेलं असतं की इफिसस हे जादूटोणा करणाऱ्यांचं आणि ठकांचं शहर. म्हणून मिळेल त्या प्रेमाला तो भितो. त्याने दारांकडे, खिडक्यांकडे, माणसांच्या हातांकडे बघत चालायचं. गावच्याने काहीच बघायचं नाही. स्वतःच्या गल्लीत कोण वर बघतो? जगाने आपल्याला ओळखावं हा त्याला हक्कच वाटतो, आणि दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत तो हक्क त्याच्या स्वतःच्या उंबऱ्यावर मोडून पडतो. चालण्याचा हा फरक नुसता आठवडाभर घोटवला, संवाद न बोलता, आणि अर्धं पात्र उभं राहिलं.

आता पहिल्या प्रवेशाबद्दल. इजिऑनचं लांबलचक निवेदन बहुतेक मंडळं कापतात. कापू नका. आमच्याकडे इजिऑन करणारे गृहस्थ रापणीवर, म्हणजे समुद्रात मोठं जाळं टाकून मासे ओढायला, जाणारे. त्यांना मी निवेदन वाचून दाखवलं: वादळात खलाशी होडी घेऊन पळाले. आईचा जीव धाकट्यावर जास्त, म्हणून तिने त्याला एका जादा डोलकाठीला बांधलं, सोबत नोकर-जुळ्यांतला एक. बापाने तसंच थोरल्याला आणि दुसऱ्या नोकर-पोराला बांधलं. मग नवरा-बायकोने डोलकाठीच्या दोन टोकांना स्वतःला बांधून घेतलं आणि आपापल्या जिवाच्या मुलाकडे नजर लावली. पुढे खडकावर आपटून गलबत मधोमध फुटलं. आणि मग इजिऑन म्हणतो की त्याच्याकडे राहिला तो धाकटा!

मी म्हटलं, इथे लेखकाची चूक झालेली दिसते. आईने धाकट्याला सांभाळलं तर तो बापाकडे कसा? गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी खळ्यातला बांबू आडवा घातला. दोन गोधड्यांच्या वळकट्या करून काथ्याच्या दोरीने बांबूला बांधल्या, एक या टोकाजवळ, एक त्या टोकाजवळ. मग मला एका टोकाशी बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाशी बसले, आणि म्हणाले, ‘बाई, आता बघा. तुमच्या पाठीला चिकटून असलेलं पोर तुम्हांला दिसत नाही. नजर लावायची तर समोरच्या टोकाकडेच लागणार. तुम्ही ज्याच्याकडे बघता तो माझ्याजवळ. मी ज्याच्याकडे बघतो तो तुमच्याजवळ.’ मग त्यांनी बांबूच्या मधोमध हात मारला.

मी तिथेच बसून राहिले. काठी मधे मोडली तर प्रत्येकाच्या वाट्याला येतं दुसऱ्याच्या काळजाचं पोर. डोळ्यांसमोरचं पोर लाटेबरोबर दूर जातं. अशी बांधणी धरली की निवेदनातला शब्द न शब्द जुळतो, आणि इजिऑन आयुष्यभर का वणवणतो तेही कळतं. आमच्या प्रयोगात इजिऑन ही गोष्ट सांगताना हातातल्या साखळदंडाने जमिनीवर ती काठी आखून दाखवायचा. समोर बसलेल्या, समुद्रावर माणसं गेलेल्या घरांतल्या बायका एकदम शांत व्हायच्या. हे नाटक हसवण्यापूर्वी तुम्हाला या शांततेत बसवतं. ती बसली नाही तर पुढचं हसू पोकळ होतं.

आशय कसा शोधायचा, तर लेखकाने मुळात काय मिळवलं आणि त्यात पदरचं काय घातलं ते बघा. ही गोष्ट शेक्सपिअरने रोमन नाटककार प्लॉटस याच्या ‘मिनेक्मी’ या नाटकावरून घेतली. प्लॉटसकडे जुळ्यांची एकच जोडी आहे. बाप गोष्टीआधीच पोराच्या दुःखाने मेलेला आहे. बायको आहे, पण तिला नावसुद्धा नाही. शेवटी भाऊ भेटतात आणि गावच्या भावाच्या सगळ्या मालमत्तेचा लिलाव पुकारला जातो. गिऱ्हाईक मिळालं तर बायकोही विकायची आहे, अशी पुकारणाऱ्याची थट्टा. शेक्सपिअरने नोकरांची दुसरी जोडी घातली. दाराबाहेर अडकलेला मालक प्लॉटसच्याच ‘अँफिट्रिओ’तून आणला. बापाला जिवंत ठेवून त्याच्या गळ्यावर तलवार टांगली. हरवलेली आई आणली, बायकोला एड्रियाना हे नाव दिलं, लुसियाना ही बहीण दिली. जे घातलं ते सगळं घरचं आहे: आई, बाप, बायको, मेहुणी, नोकर. शेक्सपिअर स्वतः जुळ्यांचा बाप होता. हॅम्नेट आणि ज्युडिथ यांचा बाप्तिस्मा 1585 सालचा. मी यावरून फार दूरचे तर्क करत नाही, पण मुलांना हे सांगते. सांगितल्यावर ती पात्रांना हलक्या हाताने धरत नाहीत.

नाटक लहान आहे, त्याच्या सगळ्या नाटकांत सर्वांत लहान. सगळं एका दिवसात घडतं. दुपारी बाराचा टोल पडतो तेव्हा जेवणाचा घोळ सुरू होतो, आणि घड्याळ पाचवर येतं तेव्हा इजिऑनला मारायला घेऊन येतात. आम्ही शाळेतली लोखंडी पट्टी आणून पडद्यामागे टांगली आणि ताशी टोल दिले. एवढ्या एका गोष्टीने हसणाऱ्या प्रेक्षकांना म्हाताऱ्याची आठवण राहते. तो मधले तीन अंक दिसत नाही, पण टोल त्याचा असतो.

गोंधळ समजून घ्यायला माणसांच्या मागे धावू नका, वस्तूंच्या मागे जा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखा: वस्तू कोणाकडे आहे, आणि ती कोणाकडे असायला हवी होती. सोन्याची साखळी घ्या. गावच्याने ती बायकोसाठी अँजेलो सोनाराकडे घडवायला टाकली. घराचं दार उघडलं नाही म्हणून रागाने ठरवलं की ती दुसऱ्या बाईला द्यायची. अँजेलोने ती परगावच्याच्या हातात ठेवली आणि पैसे मागितले गावच्याकडे. गावचा म्हणतो, साखळी मिळालीच नाही. तो खरं बोलतो. अँजेलो म्हणतो, दिली. तोही खरं बोलतो. गावच्याला शिपाई धरतो. तो सुटकेचे पैसे आणायला ड्रोमिओला घरी पाठवतो, पण तो निघतो परगावच्याचा ड्रोमिओ. एड्रियाना पैसे देते, ते पोचतात परगावच्याकडे. आणि गावच्याचा स्वतःचा ड्रोमिओ पैशांच्या जागी दोरखंड घेऊन हजर होतो, कारण अटकेच्या जरा आधी त्याला तेच आणायला सांगितलं होतं. या सगळ्यात एकही माणूस खोटं बोललेला नाही. रकाने भरताना मुलांना हे दिसलं पाहिजे. फसवाफसवीच्या फार्सपेक्षा हे नाटक वेगळं आहे ते इथे. म्हणून डोळे मिचकावून, प्रेक्षकांकडे बघून एकही वाक्य टाकू देऊ नका. प्रत्येकाने शपथेवर बोलल्यासारखं बोलायचं.

व्यापारी, बाल्थझार, ड्यूक यांच्यावर फार वेळ घालवू नका. स्पष्ट बोलणारी माणसं बसवा, पुरे.

एड्रियानासाठी मात्र जितका वेळ असेल तितका द्या. तिला कजाग बायको म्हणून करायची खोड सगळ्यांना असते. ती सोपी, टाळी देणारी आणि चुकीची. तिचा नवरा जेवायला येत नाही, दुसरीकडे जातो हे तिला ठाऊक आहे. पुरुषांना आपल्यापेक्षा जास्त मोकळीक का, असा सरळ प्रश्न ती पहिल्याच प्रवेशात विचारते. मग रस्त्यात तिला तो भेटतो आणि ती मन उघडं करते. समुद्रात एक थेंब टाकलास तर तो तसाच्या तसा, काही न मिसळता परत काढून घेता येईल का, तसं मला तुझ्यापासून वेगळं काढता येणार नाही, असं ती म्हणते. लग्नाबद्दल इतकं खरं बोलणं मी थोड्याच नाटकांत वाचलं आहे. आणि ती ते बोलते परक्या माणसाशी.

आता मागे जाऊन पहिला अंक उघडा. परगावचा एकटाच असताना काय म्हणाला होता? मी या जगात समुद्रात दुसरा थेंब शोधणाऱ्या थेंबासारखा आहे, शोधता शोधता स्वतःच हरवतो. तोच थेंब, तोच समुद्र. दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं नाही. ही दोन भाषणं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून तालमीच्या भिंतीला लावा. नाटक कशाबद्दल आहे असं कोणी विचारलं तर त्या कागदाकडे बोट करा. दुसऱ्यात मिसळल्याशिवाय माणसाला आपण कोण ते कळत नाही, आणि मिसळताना तो बुडूही शकतो.

एड्रियाना पुढे त्याची बाही धरते आणि म्हणते, तू एल्मचं झाड, मी द्राक्षाची वेल. आमच्या वाडीत एल्म कोणी पाहिलेलं नाही. शहरांची, माणसांची नावं आम्ही मूळचीच ठेवली, पण इथे ‘तू पोफळ, मी मिरवेल’ असं केलं. पोफळीला बिलगून वर चढलेली मिरवेल प्रत्येकाच्या बागेत आहे. वेल ओढून काढली तर तिची मुळं खोडावर खुणा ठेवतात, हे एड्रियाना करणाऱ्या मुलीनेच मला दाखवलं. ती त्या वाक्याला ओरडायची थांबली आणि बाही घट्ट धरून हळू बोलायला लागली. भाषांतर करताना शब्द असा हाताला लागणारा शोधा. लुसियानाचं काम याच प्रवेशात अर्धं होतं: बहिणीला सोसायला शिकवणारी अविवाहित मुलगी, जिच्यावर पुढे बहिणीचा नवरा समजला जाणारा माणूसच प्रेम करायला लागतो. तिला उपदेशक करू नका, ती घाबरलेली आहे.

तिसऱ्या अंकातला दाराचा प्रवेश हा नाटकाचा मणका. गावचा पाहुणे घेऊन घरी येतो आणि आतून कडी. आत एड्रियाना परगावच्याला नवरा समजून जेवू घालते आहे, आणि दाराशी परगावचा ड्रोमिओ पहारा देतो आहे. आम्ही एका पडक्या घराची जुनी, खरी चौकट आणून मांडवाच्या खांबांना बांधली. पुठ्ठ्याचं दार वापरू नका. हात मारल्यावर लाकडाचा आवाज आला पाहिजे. दोन्ही बाजू प्रेक्षकांना दिसतील अशी चौकट तिरकी उभी करा. हसू भरपूर येईल, ते येऊ द्या. पण गावच्याला सांगा की शेवटच्या थापेनंतर दोन श्वास गप्प उभं राहायचं. आपल्या घरातून आपल्याच नावाने कोणीतरी विचारतं, तू कोण? आमच्याकडे भावकीच्या वादात घराला कुलूप लागलेली माणसं आहेत. त्यांना ते दोन श्वास पुरतात.

गावच्याला वेड लागलं समजून भूत उतरवायला पिंच नावाच्या मांत्रिकाला आणतात, त्या प्रवेशात मुलांना गावातल्या भगताची नक्कल करायचा मोह होतो. मी करू दिली नाही. शहाण्या माणसाला वेडा ठरवून बांधतात, तो जितकं ‘मी शहाणा आहे’ म्हणतो तितका वेडा दिसतो. दोरीची गाठ खरी बसली पाहिजे.

दोघा ड्रोमिओंबद्दल मी कळकळीने सांगते. मालकांच्या गैरसमजाचा मार नोकर खातात. जन्मतःच गरीब आईकडून विकत घेतलेली ही पोरं. गावचा ड्रोमिओ पहिल्या अंकात फक्त ‘जेवायला चला’ सांगायला येतो आणि थप्पड खाऊन जातो. चौथ्या अंकात तो म्हणतो, जन्मल्यापासून सेवा केली आणि मिळाला तो मार. थंडी वाजली तर मारून ऊब देतात, उकडलं तर मारून गार करतात. आधीच्या मारावर हसू येऊ द्या, आवाजासाठी पडद्यामागे बाकड्यावर तळवा मारा, नटाच्या अंगाला हात लावू नका. या वाक्याला मात्र मागचा आवाज बंद, पायपेटी बंद. त्याने ते हळू, हिशोब सांगितल्यासारखं बोलायचं.

शेवटच्या अंकात सगळे मठाच्या दारात जमतात. इजिऑनला गावचा दिसतो. तो त्याला आपलाच, आपण वाढवलेला मुलगा समजतो. गावचा म्हणतो, मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. म्हातारा विचारतो, दुःखाने माझा चेहरा बदलला असेल, पण आवाजही ओळखत नाहीस? दिवसभर परक्यांनी ओळखलेल्या या शहरात शेवटी मुलगा बापाला ओळखत नाही. इथे घाई केलीत तर सगळं गेलं. मग मठातून परगावचा बाहेर येतो, आणि मठाची मुख्य स्त्री हीच एमिलिया, आई, हे उघड होतं. ती म्हणते, तेहतीस वर्षं कळा सोसल्या, आज बाळंत झाले, आणि सगळ्यांना जणू बारशाच्या जेवणाला बोलावते. इतर संवादांतून हिशोब केला तर मुलगे पंचवीस वर्षांचे येतात. आम्ही आकडा पंचवीस केला, तुम्ही तेहतीस ठेवलात तरी बिघडत नाही. बारसं मात्र ठेवा. मुलांना नावं पुन्हा मिळतात ती इथे.

1594 सालच्या 28 डिसेंबरला लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या वास्तूत याचा प्रयोग झाला, हा नोंद असलेला पहिला प्रयोग. गर्दी आणि गोंधळ इतका झाला की त्या रात्रीला लोकांनी चुकांची रात्र म्हटलं.  म्हणजे मांडवात गलका झाला तर घाबरू नका.

सगळे आत जेवायला गेल्यावर दोघे ड्रोमिओ मागे उरतात. आधी कोण जाणार? थोरला कोण ते ठरत नाही. मग एक म्हणतो, आलो तेव्हा भाऊ भाऊ म्हणून आलो, आता हातात हात घालून जाऊ, पुढे-मागे कोणी नको. यासाठी तीच तिसऱ्या अंकातली चौकट वापरा. आमची अडीच फुटांची होती. दोन जवान पोरं हात धरून सरळ बाहेर पडू शकत नव्हती, सारखी खांद्याला खांदा लागून अडकायची. आठ दिवस तालीम केली तेव्हा जमलं: दोघांनी एकमेकांकडे तोंड करायचं, हात न सोडता आडवं व्हायचं आणि एकदमच बाहेर पाऊल टाकायचं. दोघांच्याही टाचा उंबऱ्याबाहेर गेल्याशिवाय पडदा ओढू नका.